पाड्याच्या पाण्याचा नकाशा: मोबाइलवर टिपण्यापासून टंचाई आराखड्यापर्यंत

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही पहिल्यांदा नकाशा घेऊन गेलो. सात निळे ठिपके होते, काही विहिरी आणि काही हातपंप. प्रत्येक ठिपक्याभोवती ५०० मीटरचं वर्तुळ. पाड्यातली सगळी घरं कुठल्या ना कुठल्या वर्तुळात बसत होती, म्हणजे कागदावर या पाड्याला पाण्याची अडचण नव्हती. अंगणवाडीच्या ओट्यावर नकाशा पसरला. एक आजी वाकून बघत होत्या. त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही कोणती, ताई?" मी विहिरीचं नाव सांगितलं. "ही शिमग्यापर्यंतच." मग दुसरा ठिपका. "हिचं पाणी पाडव्याला तळाशी जातं. मग वाटीवाटीनं भरायचं." असं करत सातातले पाच ठिपके गेले. उरलेले दोन ओहोळाच्या पलीकडे, मोठा उतार उतरून.

आम्ही सगळे ठिपके नोव्हेंबरात टिपले होते. जागा अचूक होत्या, पण महिना कुठेच लिहिला नव्हता. त्यानंतर कामाची पद्धतच बदलली. त्या बदललेल्या पद्धतीने एका पाड्याचा नकाशा कसा करायचा, ते इथे लिहिते आहे. संस्थेत काम करणाऱ्यांना, आशाताईंना, ग्रामपंचायत सदस्यांना, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना, कुणालाही हे जमेल. एक स्मार्टफोन, एक साधा लॅपटॉप आणि पाड्यात घालवायला चार-पाच दिवस हवेत.

आधी प्रश्न ठरवा

मोखाड्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे. तरी उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर लागतो, कारण जमीन उताराची आणि खाली काळा कातळ. पडलेलं पाणी मुरण्याआधीच वाहून जातं. अशा भागात "पाण्याचे स्रोत किती" हा प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही. आमचा प्रश्न आता एवढाच असतो: एप्रिल-मे महिन्यांत इथल्या बाईला एक हंडा पाणी कुठून आणावं लागतं आणि त्याला किती वेळ जातो?

हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे जी माहिती गोळा करावीशी वाटेल ती या प्रश्नाला उपयोगी आहे का, ते तपासा. नसेल तर घेऊ नका. तुमचं काम पाण्याचं नसेल तर तुमचा प्रश्न वेगळा असेल: अंगणवाडीपासून लांब पडलेली घरं कोणती, कुठल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना रेशन दुकानापर्यंत जाता येत नाही, वस्तीतल्या कोणत्या घरांना मलवाहिनी जोडता येईल. पुण्यातल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने शहरी वस्त्यांचे घरागणिक नकाशे करून घरोघरी शौचालयांचं काम केलं, त्यामागेही असा एकच नेमका प्रश्न होता. पुढच्या पायऱ्या मी पाण्याच्या उदाहरणाने सांगते. बाकीच्या कामांना त्या थोड्या बदलून लागू पडतात.

रांगोळीचा नकाशा

फोन पहिल्या दिवशी पिशवीतच राहू द्या. दुपारची कामं उरकल्यावर बायका मोकळ्या होतात तेव्हा एखाद्या खळ्यात किंवा सारवलेल्या अंगणात बसा. सोबत रांगोळी, खडे, बिया, पळसाची पानं एवढं पुरे. सुरुवात त्यांना ठरवू द्या. कुणी गावदेवापासून काढतं, कुणी शाळेपासून. उत्तर दिशा वगैरेचा आग्रह धरू नका, ते काम नंतर फोन करेल.

घरं, वाटा, ओहोळ काढून झाले की पाण्यावर या. "दिवाळीला कुठून भरता? होळीला कुठून? पहिल्या पावसाच्या आधी कुठून?" जिथे बारा महिने पाणी तिथे हिरवं पान, जिथे आटतं तिथे वाळलेलं पान ठेवायचं. पुरुषांना वेगळं बसवून हाच नकाशा पुन्हा काढून घ्या. आमच्या अनुभवात पुरुषांच्या नकाशात रस्ते आणि मोठ्या विहिरी नीट येतात. ओहोळाच्या पात्रात खणलेला डवरा मात्र बायकांच्याच नकाशात सापडतो, आणि मे महिन्यात पाड्याचं पाणी तिथूनच येत असतं.

प्रत्येक स्रोताला तिथल्या तिथे एक क्रमांक द्या आणि लोकांच्या तोंडी असलेलं नाव लिहून घ्या. रांगोळीचा फोटो उभं राहून, वरून काढा. पाड्याची हरकत नसेल तर तोच क्रमांक विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने लिहा. पुढे फॉर्म, नकाशा आणि अर्ज या तिन्हींत हाच क्रमांक वापरायचा. "वरची विहीर" दर पाड्यात असते, त्यामुळे कार्यालयात कागद गेल्यावर नुसत्या नावाने गोंधळ होतो.

फॉर्म छोटा ठेवा

माहिती भरायला मी कोबोटूलबॉक्स वापरते. संगणकावर खातं उघडून मराठीत फॉर्म तयार करायचा, तो अँड्रॉइड फोनवर कोबोकलेक्ट या ॲपमध्ये उतरवून घ्यायचा. पाड्यावर रेंज नसली तरी फॉर्म भरता येतो. रेंजमध्ये आल्यावर पाठवला की झालं. पैसे पडत नाहीत.

आमचा पहिला फॉर्म साठ प्रश्नांचा होता. तिसऱ्या विहिरीपाशीच भरणारी मुलं कंटाळली आणि पुढची उत्तरं अंदाजाने भरली गेली. आता एवढंच विचारतो: क्रमांक, नाव, प्रकार (सार्वजनिक विहीर, खाजगी विहीर, हातपंप, झरा, डवरा, नळकोंडाळं), आज पाणी आहे का, पाणी किती खोल आहे, कोणत्या सणापर्यंत टिकतं, पाणी भरायला सगळ्यांना मुभा आहे का, हातपंप असेल तर चालू की बंद, उन्हाळ्यात रांगेत किती वेळ जातो, एक फोटो आणि जागा. "सणापर्यंत" हा प्रश्न मोलाचा आहे. तारीख विचारली तर कुणाला आठवत नाही, सण सगळ्यांना आठवतो. मात्र कोणत्या वर्षाचा सण, तेही लिहा. २०२४ची होळी २४ मार्चला होती, २०२५ची १३ मार्चला. अकरा दिवसांचा फरक टँकरच्या मागणीत मोठा असतो.

खोली मोजायला यंत्र लागत नाही. सुती दोरीला दर मीटरला गाठ मारा, टोकाला जड लोखंडी नट बांधा. कठड्यावरून दोरी सोडायची. नट पाण्याला टेकला की आवाज येतो. तिथे चिमटीत धरून गाठी मोजायच्या आणि कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही निरीक्षण विहिरींची पातळी जमिनीपासूनच मोजते, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात.

जागा टिपताना

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, हे सोबतच्या सगळ्यांना आधी सांगा. फोन थेट उपग्रहांचे संदेश घेतो. रेंज नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला जरा वेळ लागतो, एवढंच. मोकळ्या आभाळाखाली साधा फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. दरीत, दाट झाडीत किंवा कातळाच्या भिंतीला लागून हाच फरक वीस-तीस मीटरवर जातो.

ॲपमध्ये "अचूकता" म्हणून एक आकडा दिसतो. तो पाचच्या आसपास येईपर्यंत थांबा. एक-दोन मिनिटं लागतील. घाईने टिपलेला हातपंप नकाशावर शेजारच्या शेतात जाऊन बसतो, आणि ते शेत भलत्याच माणसाचं असेल तर पाड्यात विनाकारण वाद उभा राहतो. विहीर झाडाखाली असेल तर झाडाच्या सावलीबाहेर दहा पावलं येऊन टिपा आणि शेऱ्यात तसं लिहा.

वाट चालून मोजा

मी सगळ्यात जास्त आग्रह या पायरीचा धरते. नकाशावर दोन ठिपक्यांमधलं सरळ अंतर मोजता येतं, पण माणूस सरळ रेषेत चालत नाही. मधे ओहोळ असतो, कुंपण असतं, कडा असतो.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरं नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवलं, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. त्याच नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी एक तुटक रेषा काढली, ती कमी जणांना माहीत असते. त्या रेषेच्या आतल्या घरांना रस्त्याने चालत गेलं तर ब्रॉड स्ट्रीटचा पंप सर्वांत जवळ पडत होता. स्नो यांनी अंतर गल्ल्यांमधून मोजलं होतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे हाताने केलं गेलं, तर फोन खिशात असताना आपण टाळण्याचं काही कारण नाही.

ओस्मअँड हे ॲप घ्या. तालुक्याचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. पाणी आणायला निघालेल्या बाईसोबत, तिची परवानगी घेऊन, तिच्या दारातून निघताना "मार्ग नोंदवा" चालू करा. विहिरीपाशी पोचलात की नोंद थांबवा. रांगेत उभं असताना नोंद चालू राहिली तर फोन जागच्या जागी वेड्यावाकड्या रेघा ओढतो आणि अंतर फुगतं. परत निघताना नवी नोंद सुरू करा. जाण्याचा वेळ, रांगेचा वेळ आणि भरला हंडा घेऊन येण्याचा वेळ, असे तीन आकडे वहीत वेगवेगळे लिहा. उतरताना हंडा रिकामा असतो, चढताना डोक्यावर बारा-पंधरा किलो. दोन्हींचा वेळ एकत्र केला की चढणीचे कष्ट दिसेनासे होतात.

उंची मात्र फोनवरून घेऊ नका, तो आकडा फार चुकतो. "चढ अवघड आहे का" हे बायकांनाच विचारा.

तक्ता साफ करताना

पाड्यावरून परत आल्यावर कोबोमधून तक्ता सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) स्वरूपात उतरवा. तीन चुका हमखास सापडतात.

पहिली, अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. मोखाड्याचे अक्षांश सुमारे १९.९ आणि रेखांश ७३.३. महाराष्ट्रात अक्षांश १५ ते २३ आणि रेखांश ७२ ते ८१ याबाहेर जात नाहीत. रकाने उलटे पडले तर मोखाड्याची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसते.

दुसरी, दशांशांची काटछाट. दशांशानंतर पाच आकडे म्हणजे साधारण एक मीटर, तीन आकडे म्हणजे शंभर मीटरच्या वर. एक्सेलमध्ये कुणी आकडे "नीटनेटके" केले की सगळी मेहनत जाते. मूळ फाइल कधीही उघडून जतन करू नका, आधी प्रत काढा.

तिसरी, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. सीएसव्ही थेट दोन क्लिकने उघडली की असं होतं. एक्सेलच्या "डेटा" मेनूतून फाइल आत घ्या आणि यूटीएफ-८ निवडा. कार्यालयातल्या काही संगणकांवर अजून जुने, युनिकोड नसलेले मराठी फाँट असतात. त्यांत लिहिलेली गावांची यादी नकाशात घेण्याआधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते.

नकाशा काढताना

तीस-चाळीस ठिपके असतील आणि नुसता आढावा हवा असेल तर गुगल माय मॅप्स पुरतं. तक्ता चढवला की ठिपके दिसतात. पण वाटांची लांबी मोजायची, महिन्यागणिक नकाशे काढायचे, मोठ्या कागदावर छापायचं असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिका. तेही मोफत आहे. पहिले दोन दिवस अवघड जातात, मग हात बसतो.

क्यूजीआयएसमध्ये "ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर" मधून सीएसव्ही घ्या. एक्सच्या जागी रेखांश, वायच्या जागी अक्षांश, आणि संदर्भप्रणाली (जागेचे आकडे कोणत्या पद्धतीने वाचायचे ते) ईपीएसजी ४३२६. ठिपके पडल्यावर हाच थर मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत पुन्हा जतन करा. ७८ रेखांशाच्या पश्चिमेकडच्या महाराष्ट्रासाठी ती ईपीएसजी ३२६४३ आहे. नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया यांसाठी ३२६४४. हे केलं नाही तर वर्तुळ काढताना "५००" म्हटल्यावर सॉफ्टवेअर ५०० अंश समजतं. ओस्मअँडमध्ये नोंदवलेल्या मार्गांच्या जीपीएक्स फाइली माउसने ओढून नकाशावर टाकल्या की वाटा दिसतात. त्याही त्याच प्रणालीत जतन करून लांबी काढा. पार्श्वभूमीला ओपनस्ट्रीटमॅप (कुणालाही भर घालता येणारा खुला नकाशा) किंवा इस्रोच्या भुवनची उपग्रह चित्रं घेता येतात. बरेच पाडे ओपनस्ट्रीटमॅपवर नसतातच. पाड्याचं नाव आणि जागा तुम्ही स्वतः तिथे घालू शकता, आणि घालाच. रुग्णवाहिकेच्या चालकालाही त्याचा उपयोग होतो.

मग एकाच पाड्याचे तीन नकाशे शेजारी शेजारी ठेवा: दिवाळी, होळी, मे अखेर. पाणी असलेला स्रोत निळा, तळाशी गेलेला नारिंगी, आटलेला पोकळ वर्तुळ. आटलेला ठिपका पुसून टाकू नका. विहीर आहे आणि पाणी नाही, हे दिसलं पाहिजे.

काय नकाशावर घालायचं नाही

घरमालकांची नावं, फोन नंबर, एकट्या राहणाऱ्या बाईचं घर, आजारी माणसाचं घर, बायका-मुलांचे चेहरे. वाटेची सुरुवात एखाद्या दारातून होत असेल तर छापताना ती पाड्याच्या मधल्या चौकापासून दाखवा. एखाद्या विहिरीवर काही घरांना पाणी भरू देत नसतील तर ती नोंद आपल्या वहीत असू द्या. ती सगळ्यांसमोर कशी आणि कधी मांडायची, हे ज्यांना अडवलं जातं तेच ठरवतील. चुकीच्या वेळी लागलेल्या नकाशाची झळ त्यांनाच बसते. कोबोमधला प्रकल्प खाजगी ठेवा. माय मॅप्सची लिंक पाठवण्याआधी ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून काय काय दिसतं ते बघा.

पाड्यात परत, मग कार्यालयात

छापलेला नकाशा आधी पाड्यात न्या. जमिनीवर पसरा, हातात पेन द्या आणि गप्प बसा. दुरुस्त्या होतील. त्या करून पुन्हा छापा. मग ग्रामसभेत ठेवा आणि ठरावाला जोडा.

वेळ साधणं फार महत्त्वाचं आहे. टंचाई आराखडा, म्हणजे पाणीटंचाईवर करायच्या उपायांचा सरकारी आराखडा, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांचा असतो. म्हणून या मे महिन्यात मोजलेली माहिती ऑक्टोबरच्या आराखड्यासाठी वापरायची, आणि २ ऑक्टोबरची ग्रामसभा ठरावाला सोयीची पडते. मे महिन्यात घागरी घेऊन तहसीलवर गेलं तर फार तर टँकर मिळतो. ऑक्टोबरात नकाशा घेऊन गेलं तर विहीर दुरुस्तीबद्दल बोलता येतं.

अर्ज आराखड्यातल्याच शब्दांत लिहा. हातपंप नादुरुस्त असेल तर विंधन विहिरीची विशेष दुरुस्ती. खाजगी विहिरीला मेपर्यंत पाणी असेल तर विहीर अधिग्रहण. गाळ साचला असेल तर विहीर खोल करणे, गाळ काढणे. बायका ओहोळात डवरा खणत असतील तर बुडक्या घेणे. नुसतं "पाण्याची सोय करावी" असं लिहिलेला अर्ज कुठल्या रकान्यात टाकायचा, असा प्रश्न कारकुनाला पडतो आणि कागद तिथेच राहतो.

सोबत एका पानाचा हिशेब जोडा. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे अठराहून जास्त हंडे. त्याशेजारी तुमच्या पाड्यातली एका खेपेची मोजलेली वेळ लिहा. एक प्रत पंचायत समितीला, एक तहसीलला, एक ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाला. प्रत्येक प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घ्या. टँकरच्या प्रस्तावावर गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांची संयुक्त पाहणी होते, त्या दिवशी पाड्यातल्या दोन बायका नकाशा घेऊन हजर राहतील असं बघा.

दुसरी फेरी

भूजल यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत पातळ्या घेते. तुमच्या फेऱ्याही त्याच महिन्यांत ठेवा. दरवेळी सगळा फॉर्म भरायची गरज नाही: क्रमांक, खोली, पाणी आहे की नाही. पाड्यातली एखादी शिकलेली मुलगी किंवा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हे अर्ध्या दिवसात करतो. फाइलच्या नावात पाडा, वर्ष आणि महिना घाला, आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या संगणकावर, एक पाड्यातल्या कुणाच्या तरी फोनवर ठेवा. संस्थेचा कार्यकर्ता बदलला की लॅपटॉप जातो आणि त्याच्यासोबत तीन वर्षांचे आकडेही जातात, हे मी एकदा भोगलं आहे.

नकाशाचा फ्लेक्स आम्ही अंगणवाडीच्या भिंतीला लावतो आणि शेजारी सुतळीने एक मार्कर बांधून ठेवतो. त्या पहिल्या पाड्यावर पुढच्या उन्हाळ्यात गेले तेव्हा तीन नंबरच्या विहिरीशेजारी कुणीतरी लिहिलं होतं: "आटली, ९ एप्रिल". सहा नंबरपाशी, वेगळ्या अक्षरात: "गाळ काढला. अजून पाणी आहे."